जावरच्या डोंगरातले जस्त

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर, टीडी नदीच्या काठाने जुन्या जावरचे अवशेष पसरले आहेत. पडझड झालेली जैन मंदिरे, एक विष्णुमंदिर, त्याच्या शेजारचे पायऱ्यांचे कुंड, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त जागा व्यापणारे जळक्या मातीच्या नळकांड्यांचे ढीग. ही नळकांडी म्हणजे वापरून टाकलेल्या मुशी. साधारण फूटभर लांब, आतून राख आणि खंगराने भरलेल्या, बाहेरून आचेने काचावलेल्या. मूस एकदाच भट्टीत जाई आणि काम झाले की फेकली जाई. शतकानुशतके त्या फेकल्या गेल्या आणि त्यांची टेकाडे झाली. पुढे गावच्या लोकांनी त्याच मुशी एकावर एक रचून घरांच्या भिंती बांधल्या.

या मुशींतून जस्त निघत होते. जस्त हा सुटा धातू म्हणून मोठ्या प्रमाणावर काढण्याची विद्या जगात सर्वांत आधी जिथे साधली, ती ही जागा. चीनमध्ये असा कारखानदारी व्यवहार पुढे काही शतकांनी सुरू झाला आणि युरोपात तर अठराव्या शतकात. असे असूनही 1812-13 च्या सुमारास जावरच्या भट्ट्या विझल्या, खाण ओस पडली, आणि ती पुन्हा नीट उघडायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. डोंगरातले जस्त संपले नव्हते. ते आजही तिथे आहे आणि आजही काढले जाते. मग खाण पडली कशी, हा प्रश्न मराठी वाचकाने विचारायला हवा, कारण उत्तराचा एक भाग आपल्याच इतिहासात आहे. पण आधी डोंगर समजून घेतला पाहिजे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला खडक म्हटले की काळा पाषाण आठवतो. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी बनला. त्यात शिसे-जस्ताच्या खाणी नाहीत, त्यामुळे धातूच्या शिरा डोंगरात कशा धावतात हे आपल्याकडे सहसा दृष्टीस पडत नाही. अरवलीचे प्रकरण फार जुने आहे. जावरच्या खनिजातल्या शिशाचे वय समस्थानिकांवरून काढले, तर ते पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरात जाते. तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती, समुद्रात मासा नव्हता. त्याहूनही प्राचीन अशा पट्टेदार नाइस खडकाचा पाया ताणला जाऊन ठिकठिकाणी खचला, त्या खोलगट भागांत समुद्र शिरला आणि तळाशी गोटे, वाळू, चिखल आणि चुन्याचा गाळ साचत गेला. पुढे या सगळ्याला घड्या पडल्या, ते दबले, तापले. चिखलाचा पापुद्रे सुटणारा फिलाइट झाला, वाळूचा कणखर क्वार्ट्झाइट झाला आणि चुनखडीच्या गाळातून मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइट तयार झाला.

जावरचे सारे जस्त आणि शिसे या डोलोमाइटला धरून आहे. फिलाइटमध्ये शोधायला गेलात तर हाती फारसे काही लागत नाही. हे असे का, यावर भूवैज्ञानिकांत बराच काळ वाद चालला. आधीच्या पिढीचे मत असे की खोलवरच्या अग्निजन्य खडकातून उष्ण द्रव वर आले आणि त्यांनी भेगांत खनिज भरले. नंतरच्यांना दिसले की खनिजाचे बारीक थर मूळ गाळाच्या थरांबरोबर चालतात, म्हणजे समुद्रतळाशी गाळ साचत असतानाच खारट, उष्ण पाण्याने जस्त आणि शिसे आणून गंधकाशी बांधले असणार. मला स्वतःला दुसरे म्हणणे जास्त पटते, पण पहिल्याला पूर्ण सोडून चालत नाही. कारण घड्या पडताना जे झाले त्याने खनिजाची जागा बदलली. फिलाइट दाबाखाली वाकतो, लवतो. डोलोमाइट ठिसूळ, तो तडकतो. त्या तडकांत आधीचे खनिज विरघळून पुन्हा साचले आणि जाड झाले. त्यामुळे जावरला जस्त सलग चादरीसारखे मिळत नाही. ते भिंगासारख्या फुगीर पट्ट्यांत आणि दोऱ्यांसारख्या बारीक शिरांत मिळते. एक पट्टी जिथे निमुळती होऊन संपते, तिथून थोडी बाजूला सरकून दुसरी सुरू होते.

खाण खणणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना मोठी अवघड असते. शीर हातातून सुटली की पुढची कुठे सुरू होते हे ओळखावे लागते. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई या चार डोंगरांवर जुन्या लोकांनी जी पोखरण केली, ती पाहून कळते की त्यांना हे ओळखता येत होते. कुठे प्रचंड दालन, कुठे माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढी वाट. दालन जिथे फुगते तिथे खनिज फुगलेले होते, वाट जिथे अरुंद होते तिथे शीर बारीक होती. निरुपयोगी खडक फोडण्यात त्यांनी श्रम घालवले नाहीत. म्हणून ती पोकळी म्हणजे तिथे एकेकाळी असलेल्या खनिजाचा ठसाच आहे, आणि विसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनी तो तसाच वाचला.

डोलोमाइट छिन्नीला सहज दाद देत नाही. त्यामुळे खाणीत आग लावली जाई. खडकाच्या तोंडाशी लाकडे रचून पेटवायची, खडक तापून असमान फुगला की त्याच्या चिपा सुटतात, मग छिन्नी-हातोड्याने आणि पहारीने तो उकलायचा. या पद्धतीने झालेल्या दालनांच्या भिंती गोलसर, गुळगुळीत आणि काजळलेल्या असतात, तळाशी राख आणि कोळशाचे थर असतात. जावरला हे सगळे सापडले. धूर बाहेर जायला वाट हवी, आग पेटली की माणसांनी बाहेर पडायला हवे, राख निवल्यावर पुन्हा आत शिरायचे. एका हाताच्या खोलीसाठी किती लाकूड जाळले गेले असेल, याचा विचार केला की अरवलीच्या उजाड उतारांचे एक कारण समोर येते.

खाणीत राहिलेल्या लाकडांचे रेडिओकार्बन पद्धतीने वय काढले, तेव्हा जावरमालाच्या लाकडाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा उत्तरार्ध दाखवला. म्हणजे मौर्यांच्या आसपासचा काळ. त्या काळी लोक जस्तासाठी इथे आले नसावेत. शिशाचे जे खनिज, गॅलेना, त्यात थोडी चांदी असते, आणि शिसे वितळवून चांदी वेगळी काढणे प्राचीनांना येत होते. करडे, चकाकणारे, हातात धरताच जड लागणारे गॅलेना ओळखायला सोपे. त्याच्याच शेजारी स्फॅलेराइट हे जस्ताचे खनिज असायचे. त्याचे करायचे काय, हे मात्र अजून शेकडो वर्षे कोणाला उमगायचे होते.

ही अडचण धातूच्या स्वभावातच आहे. शिसे असो की तांबे, त्यांच्या खनिजाला कोळशाबरोबर आच दिली की धातू वितळून भट्टीच्या तळाशी उतरतो. जस्ताचे तसे नाही. भाजून गंधक घालवल्यावर जस्ताचे जे भस्म राहते, ते आपला ऑक्सिजन कोळशाला द्यायला तयार होते ते सुमारे 1000 अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि जस्त स्वतः 907 अंशांवर उकळते. म्हणजे जस्त मोकळे होते तेच वाफ होऊन. उघड्या भट्टीत ही वाफ धुराड्यातून वर जाते, हवेतला ऑक्सिजन घेते आणि पांढरी पूड होऊन बसते. भट्टी पेटवणाऱ्याच्या हाती धातूचा थेंबही लागत नाही. पितळ करणाऱ्यांनी यावर आडवाट शोधली होती: तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवायचा, म्हणजे वाफ तांब्यात शिरते. पितळ तयार होई, जस्त डोळ्यांना कधी दिसत नसे.

जस्त वेगळे हवे असेल तर वाफेला हवेपासून वाचवून थंड करावे लागते, तेही इतपतच की ती द्रव होईल. ही युक्ती आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत लिहिलेली आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसक म्हणजे जस्ताच्या खनिजापासून सत्त्व काढण्याचे वर्णन येते. हळद, त्रिफळा, राळ, मीठ, काजळी, टाकणखार, बिब्बा यांच्याबरोबर खनिज खलायचे आणि वांग्याच्या आकाराच्या मुशीत घालून तिला आच द्यायची. ज्योत निळी होती ती पांढरी झाली की मूस सांडशीने धरून उलटी करायची आणि कथलासारखे दिसणारे सत्त्व घ्यायचे. दुसऱ्या एका कृतीत मुशीखाली पाण्याचे भांडे ठेवायला सांगितले आहे, म्हणजे सत्त्व खाली उतरून पाण्यात पडते. या वनस्पतींची नावे वाचून आज कोणी हा मजकूर मंत्र-तंत्रात ढकलील, पण त्या द्रव्यांतून कोळसा तयार होतो आणि तोच खनिजाला धातूत बदलतो. ज्योतीचा रंग बदलणे ही तर प्रत्यक्ष भट्टीपुढे बसलेल्या माणसाचीच नोंद आहे.

हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने 1890 साली छापला. महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या संस्कृत ग्रंथावलीतले ते एक पुस्तक. पुढे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 साली आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि जस्ताच्या या ऊर्ध्वपातनाकडे जगाचे लक्ष वेधले. विद्या कागदावर होती हे तेव्हा ठरले. ती कागदाबाहेर, कारखान्यात कुठे राबवली गेली, याचे उत्तर मात्र जावरच्या मातीखाली होते.

ते उत्तर 1980 च्या दशकात मिळाले. हिंदुस्तान झिंक ही खाण कंपनी, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची प्रयोगशाळा यांनी मिळून जावरला उत्खनन केले. पॉल क्रॅडॉक, ललित गुर्जर आणि के. टी. एम. हेगडे ही या कामातली प्रमुख नावे. 1983 साली जुन्या जावरात त्यांना जस्त काढण्याच्या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. एका ओळीत सात भट्ट्या होत्या, आणि काहींत शेवटच्या खेपेच्या मुशी तशाच उभ्या होत्या.

या भट्टीची रचना मी शक्य तितकी सविस्तर सांगतो, कारण ती पाहिल्याशिवाय या माणसांची योग्यता कळत नाही. भट्टीला दोन मजले. मधल्या फरशीला भोके पाडलेली. वरच्या चौकोनी कोठीत सहा ओळींत सहा, अशा छत्तीस मुशी उलट्या उभ्या करत. प्रत्येक मुशीचे तोंड खाली, त्याला मातीची लांब नळी लिंपून जोडलेली, आणि ती नळी भोकातून खालच्या थंड कोठीत उतरलेली. मुशीत भाजलेले खनिज, कोळसा, डोलोमाइटची पूड आणि मीठ यांच्या गोळ्या करून भरत. मूस उलटी केली तर माल खाली पडणार, म्हणून तोंडातून आत एक काडी खोवत. आच लागली की गोळ्या एकमेकींना चिकटून घट्ट होत, तोवर काडीने त्यांना धरून ठेवलेले असे. मग काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला बाहेर यायला सरळ वाट तयार होई. वरची आच 1100 ते 1200 अंशांपर्यंत जाई आणि काही तास तशीच राखली जाई. वाफ नळीतून खाली उतरे, तिथे थंडावून द्रव होई आणि थेंब थेंब खालच्या भांड्यात साचे.

सात भट्ट्या एकदम पेटल्या म्हणजे दोनशे बावन्न मुशी. आच कमी पडली तर जस्त मोकळे होत नाही. वाढली तर मूस वितळून ढासळते. खालची कोठी फार तापली तर वाफ द्रव होत नाही, फार थंड झाली तर वाफ नळीतच भुकटी होऊन नळी तुंबते. कुंभारकामात एका मुशीला चीर राहिली तर तिचा सगळा माल हवेत जातो. तापमापक नसलेल्या काळात हे सगळे डोळ्याने, कानाने आणि सवयीने सांभाळले जाई, दिवसेंदिवस, पिढ्यान्‌पिढ्या. मुशींचे लाखो टनांचे ढीग सांगतात की हा कोण्या वैद्याचा किंवा रसायनवेत्त्याचा हौशी प्रयोग नव्हता, इथे कारखाना चालत होता. अमेरिकेच्या एएसएम इंटरनॅशनल या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने 1988 साली जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने 1738 साली जस्त काढण्याचे पेटंट घेतले. त्याच्याही भट्टीत वाफ वरून खालीच उतरवली जाई. जावरची वार्ता पूर्वेच्या व्यापाऱ्यांकरवी त्याच्यापर्यंत पोचली, असे काही अभ्यासकांना वाटते. कागदी पुरावा हाती नसताना मी तसे म्हणणार नाही. जावर त्याच्या आधी कित्येक शतके हे करत होते, एवढे पुरेसे आहे.

मेवाडच्या परंपरेत या खाणी महाराणा लाखाच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस सापडल्या असे सांगतात. खाणीतल्या लाकडाचे वय आणि ढिगांचा काळ पाहता खाणी त्याच्या फार आधीच्या. लाखाने त्या पुन्हा चालू केल्या किंवा वाढवल्या असाव्यात, आणि राजसत्तेच्या आठवणीत ‘वाढवणे’ हेच ‘शोधणे’ झाले. जावर पुढे चांगलेच भरभराटले. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई, जिचे लग्न जुनागढचा राजा रा मांडलिक याच्याशी झाले होते, ती मेवाडला परतली आणि तिने जावरला विष्णुमंदिर व रमाकुंड बांधले. तिथल्या शिलालेखात 1497 सालची तिथी आहे. जैन मंदिरांची संख्या पाहिली तर व्यापाऱ्यांचा पैसा इथे किती खेळत होता हे लक्षात येते. हल्दीघाटीनंतरच्या वनवासात राणा प्रतापाची मुले भिल्लांनी टोपल्यांत घालून जावरच्या खाणीत नेऊन लपवली आणि तिथे सांभाळली, असे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेवाडात असलेल्या कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. टॉड या खाणींना कथलाच्या खाणी म्हणतो, पण त्या जस्ताच्याच.

अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरीत जस्त आणि त्याच्या मिश्रधातूंची माहिती येते. सोळाव्या-सतराव्या शतकात देशात जस्ताला मागणी वाढलेली होती. तांबटांना पितळ सरळ तांबे आणि जस्त एकत्र वितळवून करता येऊ लागले, पितळेतले जस्ताचे प्रमाण हवे तसे राखता येऊ लागले. बिदरचे काळे, चांदीच्या तारांनी मढवलेले बिदरी काम तर जवळजवळ जस्ताचेच असते. दख्खनला येणारे सगळे जस्त जावरचे नव्हते. समुद्रमार्गे चिनी जस्तही येई. पण खुष्कीच्या बाजारपेठेत जावरचे स्थान होतेच. टॉडच्या सांगण्याप्रमाणे, त्याच्या काळाच्या अर्धशतक आधी मेवाडच्या खाणींचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांवर होते आणि त्यातले दोन लाख एकट्या जावरचे होते.

हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहावा. पहिला बाजीराव 1736 साली उदयपूरला आला, तेव्हा मेवाडने वर्षाला एक लाख साठ हजारांची खंडणी कबूल केली. म्हणजे तेवढ्यापुरती ती जावरच्या उत्पन्नातून भागली असती. पण मागण्या तिथे थांबल्या नाहीत. महाराणा अरिसिंहाच्या गादीचा वाद पेटला आणि 1769 साली महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा दिला. तह झाला तो साठ लाखांहून अधिक रकमेवर. रोख, दागिने, सोने-चांदी मिळून निम्म्याच्या आसपास भरणा झाला आणि उरलेल्यापोटी जावद, जीरण, नीमच, मोरवण हे परगणे गहाण पडले. (यातले जावद वेगळे. ते नीमचजवळचे गाव आहे, आपले जावर उदयपूरच्या दक्षिणेला.) गहाण पडलेले प्रांत परत आले नाहीत. पुढे अंबाजी इंगळे मेवाडात बसले, यशवंतराव होळकर येऊन गेले, शिंद्यांचे सरदार आले, अमीरखानाचे पेंढारी आले. प्रत्येकाने वसुली केली.

आपल्याकडच्या बखरींत आणि पोवाड्यांत ही उत्तरेतली स्वारी पराक्रम म्हणून येते. त्या पराक्रमाचा मला अभिमान नाही असे नाही. महादजींसारखा माणूस आपल्या इतिहासात दुसरा नाही. पण खंडणी गोळा होते ती कोणाच्या तरी घरातून, आणि मेवाडात ती ज्यांच्या घरातून गेली त्यांत लाकूड तोडणारे, खनिज वाहणारे, मुशी घडवणारे होते, हे मराठीत लिहिले गेले पाहिजे. जावरसारखा कारखाना सैन्य चालून आले की तात्पुरता बंद होऊन नंतर आपोआप सुरू होत नाही. त्याला रोज लाकूड लागते, कोळसा लागतो, मीठ बाहेरून आणावे लागते, कुंभाराला आगाऊ पैसे द्यावे लागतात, आणि तयार माल बाजारात सुखरूप पोचावा लागतो. रस्ता धोक्याचा झाला की व्यापारी मागे हटतो. तो हटला की पैसा हटतो. खाणीचे पाणी उपसायचे थांबले की खोलवरची दालने भरू लागतात.

मग दुष्काळ आला. विक्रम संवत 1869, म्हणजे इसवी सन 1812-13. राजपुताना होरपळून निघाला, माणसे माळव्याकडे आणि गुजरातकडे जगायला बाहेर पडली. जावरच्या भट्ट्या त्या दुष्काळात बंद झाल्या. नुसता दुष्काळ हे कारण मला पुरेसे वाटत नाही. दुष्काळ मेवाडने आधीही पाहिले होते आणि खाण त्यांतून तरली होती. या वेळी आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत सारे काही पोखरले गेले होते, आणि परतून येण्यासारखे कोणाजवळ काही उरले नव्हते. 1818 साली मेवाडने इंग्रजांशी तह केला, शांतता आली. पण बाजारही बदलत होता. सायलेशियातले स्वस्त जस्त लवकरच जहाजांनी हिंदुस्थानात येऊ लागले. भट्टी पुन्हा पेटवायला ना माणूस होता ना गिऱ्हाईक.

1850 साली कॅप्टन ब्रुक या अधिकाऱ्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरच्या जस्तखाणींवर टिपण लिहिले. खाण पडून जेमतेम अडतीस-चाळीस वर्षे झाली होती, त्यामुळे मुशी, त्यांचा आकार, त्यांना जोडायच्या नळ्या, लागणारा वेळ या गोष्टी लोकांच्या स्मरणात होत्या आणि त्या त्याला सांगता आल्या. पुढच्या पिढीला ते सांगणारे कोणी राहिले नाही. शतकभराने जेव्हा शास्त्रज्ञ या ढिगांपुढे उभे राहिले, तेव्हा मुशीतल्या काडीचे काम काय होते, हे त्यांना आतल्या पोकळीवरून ओळखावे लागले.

जावर पुन्हा उघडले ते एका दूरच्या युद्धामुळे. हिंदुस्थानला शिसे-जस्त पुरवणारी मोठी खाण ब्रह्मदेशात बॉडविनला होती. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तो पुरवठा तुटला. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची माणसे जावरला पोचली. त्यांच्यापुढे पहिला मार्गदर्शक होती ती जुन्यांची पोखरण. जिथे जुनी दालने, तिथे खाली शीर असणार, हे गृहीत धरून त्यांनी मोचिया मगऱ्यात काम सुरू केले, आणि ते गृहीत खरे ठरले. जुन्या लोकांनी वरचे श्रीमंत खनिज उचलले होते. खालचे गरीब खनिज, ज्यात शिसे आणि जस्त मिळून शेकड्यात पाच-सहाच्या घरात, ते त्यांच्या पद्धतीने परवडणारे नव्हते. आता ते बारीक दळून, तेल-पाण्याच्या फेसावर शिसे आणि जस्ताचे कण वेगवेगळे तरंगवून वेचता येत होते.

1944 साली स्थापन झालेल्या मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने खाण चालवायला घेतली. शिशाचे खनिज तेव्हाच्या बिहारमधल्या तुंडू इथल्या कारखान्यात जाई. जस्ताचे मात्र वितळवायचे कुठे, हा प्रश्न होता, कारण देशात जस्ताची भट्टीच नव्हती. जावरचे जस्त-खनिज 1950 च्या दशकात जहाजाने जपानला पाठवावे लागे. सातशे वर्षांपूर्वी ज्या गावात छत्तीस-छत्तीस मुशींच्या भट्ट्या ओळीने पेटत, त्याच गावचे खनिज शुद्ध करायला परदेशी जात होते. 1965 साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली, 1966 च्या जानेवारीत हिंदुस्तान झिंक लिमिटेड सुरू झाली आणि 1968 साली उदयपूरजवळ देबारीला जस्ताचा कारखाना उभा राहिला. तिथे मुशी नव्हत्या, वाफही नव्हती. भाजलेले खनिज आम्लात विरघळवून विजेच्या प्रवाहाने जस्त काढले जात होते.

मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई, चारही डोंगरांखाली आज खाणी चालू आहेत आणि जुन्यांपेक्षा कितीतरी खोल उतरल्या आहेत. बरोईत शिसे अधिक, मोचियात जस्त अधिक. डोलोमाइटची घडी जशी वळते तशी शीर वळते, आणि आजचा भूवैज्ञानिक ड्रिलने काढलेले दगडाचे दंडगोल मांडून तीच वळणे शोधत असतो. नवा बोगदा आखताना जुनी पोकळी कुठे आहे हे आधी पक्के करावे लागते. शतकानुशतके साचलेले पाणी तिच्यात भरलेले असू शकते, आणि त्या भिंतीला भोक पडले तर खालची माणसे वाचत नाहीत.